आधी लावते, मग बोलते

"चिकट नक्की कुठे वाटलं, ताई? गालावर की कपाळावर?"

क्रीमवालीने मांडीवर वही उघडली होती आणि पेनाचं टोपण दातात धरलं होतं. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, असं चष्मेवालीला वाटलं. ही बाई तर शिकवणीला आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली होती.

चष्मेवाली हे नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. चेहऱ्याला लावायच्या क्रीमची बाटली उलटी करायची, चष्मा नाकावर सरकवायचा आणि मागची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवायची, ही तिची खासियत. यादीत जे पहिलं, ते बाटलीत सगळ्यात जास्त. एवढ्यावर ती कुठल्याही क्रीमची कुंडली मांडायची. आणि दर व्हिडिओच्या शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायची, "आपलं साधं आहे बाई. आधी लावते, मग बोलते!"

गेल्या आठवड्यात तिने हिच्या क्रीमची सालटी काढली होती. "नाव काय, तर म्हणे हलकं क्रीम! आणि यादीत पहिलंच काय, तर बदामाचं तेल! दहा दिवस लावलं मी. तोंडाचा नुसता तेलाचा डबा झाला!" लोक पोट धरून हसले. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने हिच्या पन्नासच्या पन्नास बाटल्या घरी परत पाठवल्या.

"तो म्हणाला, चष्मेवालीने बरं म्हटलं तर पुन्हा मांडतो," क्रीमवाली सांगत होती. "म्हटलं, तुम्हालाच विचारावं. चूक कळली तर सुधारता तरी येईल. तर मग... गालावर की?"

"कपाळावर," चष्मेवाली म्हणाली.

"सकाळपासूनच?"

"नाही, दुपारनंतर जरा जास्त." हे तर तिच्या तोंडून आपसूकच निघालं. आपण इतकं सराईत कधी झालो, असं तिच्या मनात आलं आणि कानशिलं तापली.

क्रीमवालीने लिहून घेतलं. कपाळ, दुपारनंतर. खाली रेघही मारली. "माझ्या कपाळाला नाही हो होत तसं. पण माझी कातडी राठ, तिचं काय घेऊन बसायचं!"

"पण तुम्ही एवढं तेल घातलंतच कशाला?" विषय बदलावा म्हणून चष्मेवालीने विचारलं.

"एवढं कुठलं? पातेलंभर पाण्याला दोन चमचे."

"अहो, मग यादीत पहिलं कसं?"

"तेलच आधी तापत ठेवते ना मी. मग त्यात मेण विरघळवते. पाणी सगळ्यात शेवटी. जसं केलं तसं लिहिलं." क्रीमवाली तिच्याकडे बघत राहिली. "का? चुकलं का काही?"

"जे सगळ्यात जास्त, ते आधी लिहायचं असतं," चष्मेवाली म्हणाली आणि तिने फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. बाटली उघडून नुसती तिरकी केली असती तरी आत काय आहे ते कळलं असतं. आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात सासूबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. "हलक्या क्रीमवाली तूच होय गं? थांब, तुझी बाटली आहे ना इथेच." त्यांनी फळीवरून बाटली काढून क्रीमवालीच्या हातात दिली. "परवा मी म्हटलं, गाल ओढताहेत, दे जरा. तर ही हात लावू देईल तर शपथ! म्हणे, आई, उघडायचं कशाला, वाचूनच कळतं सगळं."

"आई..." चष्मेवाली म्हणाली.

क्रीमवालीने टोपण फिरवलं. टोपणाखाली चांदीचा कागद होता. तिने स्वतःच्या अंगठ्याने दाबून बसवलेला, तसाच्या तसा. तिने त्या कागदाकडे पाहिलं, मग वहीतल्या रेघेकडे. काहीतरी बिनसलंय हे सासूबाईंनी ओळखलं. पेला टेबलावर ठेवून त्या मुकाट्याने आत गेल्या.

चष्मेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या द्याव्यात हिने, बाटली फेकून मारावी, पण अशी गप्प बसू नये.

क्रीमवालीने बाटलीवरचा कागद टरकावला. "चष्मा काढा," ती म्हणाली.

चष्मेवालीने काढला. क्रीमवाली उठली, तिची हनुवटी जरा वर केली आणि कपाळावर एक थेंब सोडला. चोळायच्या आधीच तो भुवईपर्यंत ओघळला. तिने तो दोन बोटांनी पसरवला, लेकराला लावावा तसा. मग बाजूला होऊन उभी राहिली.

जरा वेळाने चष्मेवालीने स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं. कपाळ मऊ झालं होतं. बोट मात्र कोरडं.

"मी उघडलंच नव्हतं हो," ती म्हणाली. मान काही वर होईना. "दहा दिवस नाही, एक दिवससुद्धा नाही. लाज वाटते मला."

"यादी माझीही चुकली. ती मी बदलते." क्रीमवालीने वहीतले ते शब्द खोडले, वही मिटून पिशवीत टाकली. मग खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे कॅमेरा होता, आणि व्हिडिओ काढताना लावायचा मोठा गोल दिवा. जरा चाचपडून तिने बटण दाबलं.

पांढरा उजेड थेट चष्मेवालीच्या तोंडावर पडला.

"आता लावलंत ना, ताई?" क्रीमवाली म्हणाली. "मग बोला."