मागच्या रांगेतला हात

"कार्यक्रमातही चालेल, घरी रेकॉर्डिंगलाही. आणि आपटला तरी हूं की चूं करणार नाही," म्हणत दुकानदारांनी नवाकोरा माइक खरंच फरशीवर आपटून दाखवला. मी तोच घेतला.

बाबा गाण्याआधी माइकवर अंगठीने दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "मागे ऐकू येतंय का?" शेवटच्या रांगेतून मी हात वर करायचे. तो दिसल्याशिवाय ते सूर लावायचे नाहीत. बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

दुपारी घरी पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून ऐकायला बसले. माझ्या आवाजाआधी टकटक झाली, दोनदा.

"मागे ऐकू येतंय का?"

नकळत माझा हात वर गेला.

"दिसला. आता हात खाली घे, बाळा."