पैनगंगेपलीकडचा तांदूळ

"गाठोडं उघडा," श्रावण म्हणाला.

कांताबाईनं उघडलं. आत तांदूळ! पैनगंगेच्या पलीकडून डोंग्यातून आलेली बाई, आणि डोक्यावर बिनपरवान्याचा तांदूळ. श्रावण नाकेदारानं आडवा बांबू काही उचलला नाही.

"पोरीचं लग्न हाये, साहेब. मुकुटबनले. पानात भात नाही पडला तं चारचौघांत काय तोंड दाखवू?"

"परवाना?"

"असता तं डोक्यावर कायले आणला असता?"

चौसष्टचं साल. परवान्याशिवाय तांदूळ राज्याच्या हद्दीपार नेता येत नव्हता. तिकडे घरोघरी भात, इकडे सणालाही मिळेना. नाक्यापायी लोक मेटाकुटीला आले होते. मासे खोळंबून नासायचे आणि भोईणी श्रावणच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पण नाका नव्हता तेव्हा तिकडून आलेल्या किडक्या, कुबट तांदळानं अर्धं गाव पोट धरून आडवं पडलं होतं, हेही तितकंच खरं. म्हणून श्रावण शिव्या ऐकून घ्यायचा आणि तपासत राहायचा.

"परत न्या, मावशी."

कांताबाईनं पदराआडून चक्क कोंबडी काढली. "हे ठेवा. कोणाले सांगत नाही."

"तिलेही परत न्या." श्रावणला हसू आवरेना.

पुढच्या बाजारी बाई पुन्हा हजर! पुन्हा तांदूळच. या खेपेला ती रडली. "बिनबापाची पोर हाये हो माही इंदू. तिचं एकदा चांगलं झालं, की मी सुटली."

 श्रावणनं तिला झोपडीत बसवून चहा पाजला, आपल्या वाटणीची साखर लग्नासाठी पुडीत बांधून दिली. तांदूळ मात्र परत. चहा पिता पिता बाई भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहत होती, घासून पालथी घातलेली भांडी पाहत होती. गाव कोणतं, घरी कोण कोण, विचारत होती. दुःखात माणूस बोलतं काहीबाही, असं म्हणून श्रावणनं सगळं सांगितलं.

तिसऱ्या खेपेला तिच्यासोबत तिचा भाऊ होता, डोमाजी. त्याच्या डोक्यावर झाकलेला गंज. झाकणाखालून वाफ येत होती.

"शिजवूनच आणला," कांताबाई म्हणाली.

आता आली का पंचाईत! श्रावणनं डोकं खाजवलं. बंदी धान्याला. भात म्हणजे धान्य का जेवण? त्यानं झाकण काढलं, वास घेतला, शीत दाबून पाहिलं.

"शिजलेल्याले बंदी नाही. न्या, मावशी, बिनघोर न्या." त्याला मनापासून बरं वाटलं. "पण नवरदेव करते तरी काय?"

"सरकारी नोकरीत हाये."

"माणूस चांगला हाये ना?"

कांताबाईनं भावाकडे पाहिलं. डोमाजीनं मान डोलावली.

"मोठीलेही नोकरीवालाच पाहून देल्ला होता. लाच खाऊन जेलात गेला, अन् पोर माहेरी येऊन बसली. म्हणून या खेपी पारखून घेतला." तिनं गंजाकडे बोट केलं. "हा तांदूळ आमच्याच धानाच्या बांधीतला हाये. सकाळी इकडून तिकडे न्याचो, अन् दुपारी वापस आणाचो. जाणाऱ्याले तुमी इचारतच नाही."

डोमाजीनं गंज खाली उतरवला आणि श्रावणपुढे पत्रावळ मांडली.

"बसा, जावईबापू. ऊन ऊन हाये."