पारोसं तोंड

"आजी, आजही दात घासलेत? दोन दिवस दातांना काही लावू नका म्हटलं होतं ना!" डॉक्टर नीरजा वैतागली. सगुणाआजींच्या दातांवरचा थर घ्यायला ती तिसऱ्यांदा घाट चढून आली होती.

"मग? पाहुण्यांसमोर पारोशा तोंडानं बसू व्हय?" आजींनी मिशरीचं बोट धुतलं.

दात किडवणारे जंतू जगातून नाहीसे केले, आणि हिरड्यांची नवी साथ आली. या साथीला आजवर तेच जंतू रोखत होते, हे उशिरा कळलं. आता ते फक्त या एका तोंडात उरले होते.

नीरजाने दाढांच्या फटींतून काडी फिरवून यंत्रात घातली. शून्य.

"संपलं! घासून घासून संपवलंत तुम्ही!" तिने काडी टाकून दिली.

आजी ओशाळल्या. आतल्या सुनेचा कानोसा घेत कुजबुजल्या, "दीड वर्षाची नात चालंल का? तिला मी माझंच उष्टं भरवती. सुनेला कळू देऊ नका."

उष्ट्यातून जंतू पसरतात म्हणून बाळाला ते भरवणं कायद्याने गुन्हा होता, पण नीरजाला भीती वेगळीच वाटली.

"तिचे दात घासलेत का?"

"छ्या! ती कुठं पाहुण्यांसमोर बसती?"