बिनकडीचं दार

पहिल्या लाथेनंच दार वीतभर आत आलं. आतून दोघी पाठ लावून उभ्या होत्या, घराची मालकीण आणि तिची ही खोली सजवून देणारी सजावटकार, जिला सगळे ताई म्हणत. मालकिणीचा ओठ फाटला होता. नवऱ्याचा फोन उचलायला उशीर झाला, एवढंच निमित्त. त्यानं बायकोला केसांना धरून जिन्यावर आपटलं. ताईनं तिला हिसकावून आत ओढलं आणि दार लोटलं.

लोटलं खरं, पण लावणार कशानं? ताईच्या आजोबांपासून चालत आलेली कामाची रीत ही. खोलीत काही म्हणून डोळ्यांत खुपता कामा नये. दार भिंतीतलंच वाटलं पाहिजे, त्याला ना मूठ, ना कडी. कपाटं भिंतीत, पलंग जमिनीला जखडलेला. दाराला लावायला एक खुर्ची नाही, हाणायला एक फुलदाणी नाही. कसलं डोंबलाचं घराणं!

"मी कडी मागितली होती," मालकीण धापा टाकत म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दार विद्रूप दिसेल."

ताई म्हणाली होती खरी, आणि हसून म्हणाली होती. याच धंद्यात तिच्या वडिलांनीही असंच हसून किती बायकांना गप्प केलं असेल.

दुसरी लाथ बसली. फटीतून त्याचा हात आत शिरला आणि बायकोचा गळा चाचपू लागला. ताई त्या हाताला कडकडून चावली. तो शिव्या घालत मागे सरला. ताईनं दाराच्या तळाशी पाय रोवला. पुढच्या लाथेला पायाचं हाड मोडलं, तरी तिनं तो काढला नाही.

तोवर खालच्या मजल्यावर काम करणारा सुतार आणि रंगारी वर धावले. दोघांनी नवऱ्याला लोळवला, चांगला बदडला आणि पोलीस येईस्तोवर त्याच्या छाताडावर बसून राहिले.

त्याला नेल्यावर ताई जमिनीवर बसून रडली, पायापेक्षा लाजेनं जास्त. मालकीण म्हणाली, उद्या सोडतील त्याला, मग थेट इथंच येईल.

ताईनं सुताराला विचारलं, पिशवीत काय आहे. गोदामाच्या दारासाठी आणलेली एक जाडजूड लोखंडी कडी निघाली.

"पण ताई, भिंत फोडावी लागेल," तो चाचरत म्हणाला. ती भिंत ताईनं स्वतःच्या हातानं घोटून घोटून गुळगुळीत केली होती.

"फोड."

हातोड्याचा पहिला घाव बसला, तशी मालकीण दचकली आणि डोक्यावर हात घेऊन कोपऱ्यात सरकली. ताईनं तिचा हात धरला.

"घाबरू नका. हा आपला आहे."