शहाण्णव चकल्या

“यापुढे विषाचा एक कणही माणसापासून लपणार नाही!” असं अन्नरक्षा खात्यानं जगाला ठणकावून सांगितलं, आणि पहिले कण सापडले ते सुनंदाबाई टिपणीसांच्या दिवाळीच्या चकल्यांत. रानवालाच्या पिठात वालाचंच नैसर्गिक विष निघालं होतं. पिठाच्या कणाकणात ठावठिकाणा सांगणारी चिप असल्यामुळे निरीक्षक कोरगावकरांनी सोसायटीभर वाटलेल्या चकल्या तासाभरात गोळा करून आणल्या.

“बाई, अभिनंदन! शहाण्णवच्या शहाण्णव मिळाल्या. एकही कुणाच्या पोटात गेली नाही.”

“अहो, दिवाळी होऊन महिना झाला!” सुनंदाबाई कडाडल्या. “आणि त्या गुप्तेवहिनी? ‘तोंडात विरघळली हो’ म्हणाल्या होत्या!”

“त्यांच्या बाराच्या बारा फ्रिजमागे होत्या.”

“विषाचं तर त्यांना आज कळलं. मग महिनाभर कशाला भीत होत्या मेल्या?”

कोरगावकरांनी हातातलं विष शोधणारं यंत्र पुन्हा एकदा चकल्यांवरून फिरवलं. यंत्राला विषापलीकडचं काही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यामुळे सुनंदाबाईंनीही चकली चाखली नव्हती. त्यांनी जप्तीच्या पिशवीतून एक काढून पुढे केली.

“साहेब, एवढासा तुकडा मोडून बघा. विषाचं राहू द्या, मीठ बरोबर पडलंय का, तेवढं सांगा.”