हातभर लांब

सुताराची दारू सुटली. तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायच्या आदल्या दिवशी तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याच्या बायकोला बोलावून बजावलं, "घरातलं पोलीस ठाणं आता बंद. खिसे चाचपायचे नाहीत, तोंडाचा वास घ्यायचा नाही. तुमचा विश्वास आहे, असं त्याला वाटलं पाहिजे."

बायकोने ते तंतोतंत पाळलं. संध्याकाळी तो कामावरून आला, की ती दार उघडून लगेच मागे सरायची. चहाचा कप हातात न देता टेबलावर ठेवायची. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची.

केंद्रातल्या अरुंद खाटेवर पडल्या पडल्या त्याने इतके महिने फक्त हिच्याकडे परतण्याचाच विचार केला होता.

एका संध्याकाळी ती अशीच मागे सरली, तेव्हा तो दारातच थांबला.

"अजून किळस येते का गं माझी?"

"किळस? काहीतरीच काय बोलता!" तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "अहो, जवळ आले तर तुम्हाला वाटेल, ही वास घेतेय. बाईंनी नको म्हणून सांगितलंय ना? म्हणून लांब राहते मी बापडी. मला काय हौस आहे?"

त्याने खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"मग घे की वास," तो म्हणाला. "रोज घे."