डब्यातला मासा

"मग, गावाची काही तक्रार?" मत्स्यखात्याच्या जोवेसा साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"छे! आमचा प्रवाळखडक ठणठणीत आहे," मुखिया म्हणाले. "रविवारी चर्चच्या जेवणाला तिथलेच मोठे मासे." पाहुणचाराच्या यांगोना पेयाची वाटी पुढे सरकली, घेणाऱ्याने रीतीप्रमाणे टाळी वाजवली. मागच्या चटईवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. साहेबांनी वहीत लिहिलं: तक्रार नाही.

अकेनेता दारापाशी बसून होती. अकरा वर्षं ती मत्स्यखातं, इस्पितळ आणि किनाऱ्यावरची गावं यांच्यामध्ये ये-जा करत होती. इकडचं तिकडे करणं हा एरवी अवगुण. हिला त्याचा पगार मिळे. आता ते काम बंद झाल्याचं पत्र साहेबांच्या खिशात होतं. येताना होडीतच त्यांनी सांगून टाकलं होतं, "वाईट वाटून घेऊ नका बाई. गाव बोलतं, मी ऐकतो. मध्ये तिसरं माणूस हवंय कशाला?"

"बघू या की," ती म्हणाली होती.

पंगत बसली. उकडलेला कसावा आला, आणि नारळाच्या दुधात शिजवलेला डबाबंद मासा. साहेब खूश झाले. "वा! अगदी सुवा शहरातल्या आमच्या घरच्यासारखा. वाढा अजून!"

अकेनेताचा घास हातातच राहिला. समुद्र दहा पावलांवर, आणि पाहुण्याला डब्यातला मासा? या गावात असं कधी झालं नव्हतं. ती उठून मागे चुलीपाशी गेली. मुखियांची भावजय वासेमाका भांडी घासत होती.

"तुझं मांजर कुठे दिसत नाही गं?"

"मेलं मंगळवारी," वासेमाका हळूच म्हणाली. "खडकावरच्या मोठ्या माशाचं डोकं टाकलं होतं त्याला."

"मग मुखियांना सांगितलं नाहीस?"

"त्यांच्या खडकाला चारचौघांत नावं ठेवू? आणि तीही बाईमाणसाने?"

बाजारातला मासा खाऊन इस्पितळात तिघेजण पडून होते. गार पाण्यात हात घातला तरी त्यांना चटका बसत होता. विष माशाचं, हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. मासा कुठल्या पाण्यातला, हे बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. अकेनेताला आता ठाऊक झालं. तिने साहेबांना चुलीपाशी बोलावून सगळं सांगितलं.

"रविवारी ते मासे शिजले तर अख्खी पंचक्रोशी आडवी होईल. पण तुम्ही काही बोलू नका. मुखियांच्या वतीने बोलणारा म्हातारा माझं ऐकतो. 'समुद्राला विसावा द्यावा' असं त्याच्या तोंडून निघालं, की खडकावरची मासेमारी आजच बंद होईल आणि मुखियांचा मानही राहील."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी वहीतली ओळ खोडली. खिशातलं पत्र काढलं, क्षणभर पाहिलं आणि चुलीत सरकवलं.

"पण मी तीनतीनदा विचारलं हो! एकीने तरी तोंड उघडायचं!"

"बोलल्या की, साहेब," अकेनेता म्हणाली. "तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."